एका हाताची म्हैस

आजरा, ९ डिसेंबर २०२४

आईला कुशीवर वळवत होते. एक हात तिच्या पाठीखाली अडकलेला, आणि फोन वाजला. दुसऱ्या हाताने घेतला. तुम्ही ओरडलात, "काय म्हंती म्हातारी? खाती का न्हाय?" आईने ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे केलं. तिला वाटलं, जावई विचारतोय, अजून किती दिवस. तुम्ही काळजीने विचारलंत हे मला माहीत आहे. तिला माहीत नाही. तिने तुमचा आवाज वर्षातून एकदा-दोनदा ऐकलाय, आणि इथे एवढ्या मोठ्याने फक्त काजूचा लिलाव करतात.

मी नुसतं "हूं, हूं" करत होते ते त्यामुळे. आई समोर होती. तुम्ही म्हणालात, "तुला बोलायचं नसंल तर ऱ्हाऊ दे," आणि फोन ठेवलात.

म्हणून पत्र लिहितेय. फोनवर आता बोलायचं नाही असं ठरवलंय. तुमचं कानाचं मशीन फोनजवळ शिट्टी मारतं, म्हणून तुम्ही ते काढून ठेवता आणि फोन स्पीकरवर टाकता. मग माझं बोलणं सगळा बावडा ऐकतो. फाउंड्रीने कान नेले त्यात तुमचा दोष नाही. पण मला नवऱ्याशी बोलताना गल्लीशी बोलावं लागतं. पत्र निदान तुम्ही एकटे वाचाल.

आईच्या खुब्याचं हाड बसायला वेळ लागेल. तोवर उठवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. भाऊ गोव्याला, त्याला रजा मिळत नाही. सगळं माझ्याकडे आहे. मध्ये हाडाचा फोटो काढायला गडहिंग्लजला न्यायचं होतं, तेव्हा हंबीररावांनी गाडी दिली. काजूच्या फॅक्टरीचे हंबीरराव. तुम्हाला आठवत असतील.

आता मला जे विचारायचं होतं ते. भुरी दूध देते का? ती व्याली आणि आठवड्यात मला निघावं लागलं. माझ्याशिवाय तिने आजवर कुणाला कासेला हात लावू दिलेला नाही. फोनवर तुम्ही म्हणालात, "देती की." आणि मागे कोणीतरी हसलं. बाईमाणूस हसलं.

कोण होतं?

मालन


कसबा बावडा, कोल्हापूर, १५ डिसेंबर

मालन,

पत्र पोचलं. आईंना सांग, माझा आवाज एवढाच एक आहे. शिरोलीत भट्टीसमोर हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नव्हतं. पुढे पुढे तर असं झालं की कोणी हळू बोललं की मला वाटायचं, हा माझ्यापासून काहीतरी लपवतोय. सवय झाली. आईंना सांग की जावई विचारत होता, जेवता का. तेवढंच.

भुरीने सुरुवातीला दूध दिलं नाही. मी बसलो की ती बाजूला सरायची. चरवीला लाथ मारली ती कुंपणाला जाऊन आदळली. पेंड वाढवली. रेडकू सोडून बघितलं, ते ढुसण्या मारून दमलं. मागचे पाय बांधले तर खालीच बसली. रतीबाची माणसं भांडी घेऊन दारात उभी. हंबीरराव तुमचे तिकडे गाड्या देत असतील, इथे मी गल्लीतल्या पोरांचं हसणं घेत होतो.

आता देते. दोन्ही वेळेला देते. कसं ते विचारू नकोस. देते हे महत्त्वाचं.

फोनच्या वेळी हसली ती क्रांती. पलीकडच्या शिलाईच्या दुकानाची. दूध न्यायला आली होती. तिची मदत झाली. ती नसती तर भुरी आटली असती.

हंबीररावांची गाडी कोणती आहे?

आकाराम


आजरा, २१ डिसेंबर

गाडी पांढरी आहे. नाव मी वाचलं नाही.

कसं ते विचारू नकोस असं तुम्ही लिहिलंत. त्याआधी मी विचारणार नव्हते. आता विचारते. क्रांतीने कसली मदत केली? ती ब्लाउज शिवते. म्हशीचं काही शिवत नाही.

तुम्हाला आठवण करून देते. भुरी इथली, माझ्या माहेरची. तिची आई मेली तेव्हा ती उभीसुद्धा राहत नव्हती. मी तिला टेम्पोत मांडीवर घेऊन कोल्हापूरला आणलं. बाटलीने पाजलं. साक्षी बारावीला होती. ती म्हणायची, "आई, तू माझ्यासाठी एवढी जागली न्हाईस." खोटं नव्हतं ते.

साक्षीच्या लग्नात मी मांडवातून उठून धार काढायला गेले होते, अंगावर शालू तसाच. तुम्ही दारात उभे राहून "अगं, पावणं खोळंबल्यात" म्हणून ओरडत होता. भुरीने मला बघितलं आणि ओळखलं नाही. हुंगलं, तरी नाही. मी आत गेले, शालू सोडला, रोजची हिरवी इरकल नेसले, रोजच्या बांगड्या घातल्या, आणि परत येऊन बसले. लगेच पान्हा सोडला. तेव्हा मला कळलं की ती नुसतं तोंड ओळखत नाही. साडी, बांगड्यांचा आवाज, बसायची बाजू, सगळं मिळून तिच्यासाठी एक मालन होते. त्यातलं एक कमी झालं की मालन नाही.

ती एका हाताची म्हैस आहे असं सगळे हसून म्हणायचे. सोय नाही असं म्हणायचे, मालनला कुठे जाता येत नाही. मी पण तक्रार करायचे. पण आतून मला ते आवडत होतं. साक्षी सासरी रमली. तुम्हाला कोणी वाढलं तरी जेवता. एक जनावर असं होतं ज्याला दुसरं कुणी चालत नव्हतं.

आता क्रांती चालते.

हंबीरराव काल संध्याकाळी आले होते. आईजवळ बसले. फार हळू बोलतात. मला अजून मालू म्हणतात.

मालन


कसबा बावडा, २८ डिसेंबर

मालन,

तुला मालू म्हणतात हे मला माहीत नव्हतं.

क्रांती पहाटे येते. दूध घेते. कधी हसते, हसायचा तिचा स्वभाव आहे. तिने मला एक गोष्ट शिकवली. ती मला येत नव्हती. आता येते, तरी नीट जमतं का ते बघायला ती थांबते. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. तू आलीस की तोंडाने सांगेन. किंवा सांगणार नाही.

हंबीररावांचं स्थळ तुला आलं होतं, ते मला आपल्या लग्नातच कळलं होतं. तुझ्या धोंडुमावशींनी सांगितलं. पंगतीत माझ्या पानात जिलेबी वाढता वाढता म्हणाल्या, "लई मोठं घर हुतं वो ते, पर पोरीच्या नशिबात न्हवतं." मी जिलेबी खाल्ली. त्यानंतर मी त्या घराबद्दल तुला कधी विचारलं नाही. आता विचारतो. केवढं आहे?

आईंना पाय टेकता येतो का? तू कधी येणार हे पत्रात नव्हतं. कागद उलटून बघितला. मागेही नव्हतं.

आकाराम


आजरा, ६ जानेवारी २०२५

धोंडुमावशी कोल्हापूरला गेली होती, डोळे दाखवायला. येताना पहिल्या गाडीआधी वाट वाकडी करून बावड्याला आपल्या घरी गेली, तुम्हाला नवे तांदूळ द्यायला. ते तांदूळ ती परत घेऊन आली. आल्या आल्या माझ्यासमोर पिशवी ठेवली आणि बसली. ती जे म्हणाली ते तसंच लिहिते, म्हणजे मी काही घातलं असं व्हायला नको.

"मालन, घरात बाई ठेवल्यासा व्हय?"

"कुठली बाई?"

"गोठ्यात बसलीती की. धार काढत. हिरवी इरकल, डोक्यावरनं पदर. मला वाटलं तूच. म्हटलं, ही बया मला न सांगता कवा परत आली?"

"तोंड बघितलंस?"

"कुठलं तोंड? पाठ हुती माझ्याकडं. म्या हाक मारली, 'अगं ए, मालक कुठं हाईत?' ढिम्म. परत मारली, गल्लीतली कुत्री उठली, पर ह्या बाईनं मान वळवली न्हाय. माज बघ केवढा! बांगड्या तेवढ्या वाजवतीया. आणि म्हस अशी गप उभी, जणू जल्माची वळख."

"आणि हे कुठं होते?"

"तुझा मालक? दिसला न्हाय बाई कुठं. झोपला आसंल की, बाईला कामाला लावून. म्या म्हटलं, ज्या घरात हाकंला वो मिळत न्हाय, तिथं तांदूळ कशाला ठेवू?"

मावशीने हे सगळं आईच्या उशाशी बसून सांगितलं. आईने माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

ती इरकल मी धुऊन दारामागच्या खुंटीला ठेवून आले होते. आल्यावर लगेच नेसायला. दुसऱ्या बाईने ती काढून नेसावी आणि तुम्ही घरात असताना नेसावी, यात मी काय समजू? तुम्हीच लिहिलंत, ती नसती तर भुरी आटली असती. तिने तुम्हाला काहीतरी शिकवलं, जे तुम्हाला लिहिता येत नाही. मी ती पत्रं फाडली नाहीत. परत वाचली. प्रत्येक वेळी तोच अर्थ निघतो.

दिवसभर आईचं करते आणि डोळ्यांसमोर ती पाठ असते, माझ्या साडीतली. तोंड मी लावते. भांडी घासताना लावते, आईचे केस विंचरताना लावते. क्रांतीचं तोंड त्या पदरात असं बसतं की जणू साडी तिचीच होती. ती माझ्यापेक्षा तरुण आहे. तिच्या हाताची बोटं सुई धरणारी, बारीक. भुरीला ती आवडली असतील. तुम्हालाही आवडली असतील.

भुरीला विकून टाका. मला त्या गोठ्यात परत बसायचं नाही.

मालन


कसबा बावडा, २० जानेवारी

मालन,

भुरीला दिली. जयसिंगपूरचे गणपतराव मगदूम म्हणून आहेत, ते सुनेला घेऊन आले, बघितली, पसंत केली. दुसऱ्या दिवशी टेम्पो आणला. चढत नव्हती. दोघांनी मागून ढकललं. शेवटी मी फळीवरून आधी चढलो आणि पुढे उभा राहिलो, तेव्हा चढली. मग मी उतरलो. रेडकू तिच्याबरोबर दिलं.

तुझं पत्र मी बरेच दिवस खिशात ठेवलं होतं. "त्या गोठ्यात परत बसायचं नाही." याचा मला एकच अर्थ लागला, की तू येणार नाहीस. तिकडे मोठं घर आहे. हळू बोलणारी माणसं आहेत. मालू म्हणणारा माणूस आहे. आधी तू फोन बंद केलास, मग येण्याची तारीख लिहायची बंद केलीस, मग म्हैस विका म्हणालीस. फाउंड्री बंद करतात तेव्हा असंच करतात. आधी एक पाळी बंद, मग दुसरी, मग यंत्रं विकतात. म्हणून मी वाद घातला नाही. बाई येणार नसेल तर बाईची म्हैस मी कशाला ठेवू?

आता भुरी गेली, तर लपवायलाही काही राहिलं नाही.

गोठ्यात बाई नव्हती. मी होतो.

लग्नातलं ते शालूचं तू लिहिलंस, पण मला ते आधीच आठवलं होतं. खुंटीवरची इरकल घेतली. नेसता येईना. लुंगीसारखी गुंडाळली आणि गेलो. भुरीने बघितलं आणि शेपटी तोंडावर मारली. मग क्रांतीच्या दुकानात गेलो. म्हटलं, "पोरी, साडी नेसायला शिकव." ती म्हणाली, "कुणाला, काका?" म्हटलं, "मला." ती मशीनवर डोकं ठेवून हसली. हसून झाल्यावर शटर अर्धं खाली ओढलं, दुकानातल्या पुतळ्याला नेसवली, सोडली, परत नेसवली. मग मला म्हणाली, तुम्ही करा. निऱ्या माझ्या हातात राहत नव्हत्या. ती म्हणाली, "काका, लोखंड न्हवं हे, दाबू नका." तिच्याकडून मी कुणाला न सांगण्याची शपथ घेतली. ती तिने पाळली. हसणं तिला थांबवता आलं नाही, ते तू ऐकलंस.

साडी जमली तरी भुरी देईना. मग बांगड्या आठवल्या. तुझ्या जुन्या डब्यात होत्या. माझ्या मनगटात जाईनात. दोऱ्याने ओवून मनगटाला बांधल्या, वाजण्यापुरत्या. पदर डोक्यावरून पुढे ओढला, मिशी झाकेल एवढा. तुझ्या बाजूला, तुझ्या पाटावर बसलो. तिने मान वळवून हुंगलं. मी काही बोललो नाही, बोललो असतो तर संपलं असतं. तिने पान्हा सोडला.

कानाचं मशीन मी गोठ्यात घालत नव्हतो. ते शिट्टी मारतं, भुरी बिचकते. धोंडुमावशींनी हाक मारली असेल, दोनदा मारली असेल. मला बँड ऐकू आला नसता. माझा माज नव्हता तो. त्यांना सांग.

तालमीतल्यांना कळलं असतं तर बावड्यातून बाहेर पडणं अवघड झालं असतं. हे एक कारण. पण तुझ्यापासून लपवलं ते त्यासाठी नाही. ती तुझ्याशिवाय कुणाला देत नाही याचा तुला अभिमान होता. तू दाखवत नव्हतीस, मला दिसत होता. ती माझ्या हाताला लागली हे तुला कळू नये असं वाटलं. तू परत येशील, बसशील, ती तुला देईल, आणि मधलं कुणाच्या लक्षातही राहणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

इरकल धुऊन खुंटीला ठेवली आहे.

आकाराम


आजऱ्याहून कोल्हापूरला येताना, एसटीत, २५ जानेवारी

हे पत्र टपालात टाकत नाही. हातात देणार आहे. घरात तोंडाने बोलले तर तुम्हाला अर्धं ऐकू येईल आणि क्रांतीला सगळं.

आई काठी धरून उभी राहते. भाऊ कालच गोव्याहून आला, पंधरा दिवस राहणार आहे. तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती हसली. पडल्यापासून पहिल्यांदा हसली. धोंडुमावशीलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "काय सांगतीस! पर बाई, बसायची ऐट मातूर तुझीच हुती." मग म्हणाली, डोळ्यांच्या डॉक्टरने मोतीबिंदू पिकलाय असं सांगितलं होतं. हे तिने आधी सांगितलं नव्हतं.

विका म्हणजे विका नव्हतं. तुम्ही लिहाल असं मला वाटलं होतं, की नाही विकणार, तू ये आणि तुझं तू बघ. मी पोस्टमनची वाट बघत बसले होते. पत्र येईना, तसं मला वाटलं, क्रांतीला विचारून ठरवत असतील. तुम्ही इतके दिवस माझं पत्र खिशात घेऊन फिरत होता, आणि मी इथे प्रत्येक दिवसाला एक एक गोष्ट रचत होते.

आता माझं लपवलेलं. हंबीररावांच्या गाडीत त्यांची बायको पण होती. आईला धरून तीच बसली होती. संध्याकाळी ते आले तेव्हाही ती बरोबर होती, भाकरी-पिठलं घेऊन. ते मी लिहिलं नाही. मालू ते म्हणतात, पण ते सगळ्यांनाच लहानपणीच्या नावाने हाक मारतात, धोंडुमावशीला धोंडे म्हणतात. हेही लिहिलं नाही. तुम्ही गाडी कोणती विचारलंत, आणि मला बरं वाटलं. म्हणून मालू लिहिलं. घर केवढं आहे ते विचारलंत. मोठं आहे. कोपऱ्यात बसून ओरडलं तरी दुसऱ्या खोलीत ऐकू जात नाही. तुमच्या काही उपयोगाचं नाही.

त्या पाठीला मी क्रांतीचं तोंड लावलं होतं. ते काढून तुमचं लावून बघते. लागत नाही, मिशी मध्ये येते.

पण एक सांगते, यावर हसू नका. क्रांतीवरचा राग गेला, पण तो जिथे जाईल असं वाटलं होतं, तिथे गेला नाही. तो तुमच्यावर आला. साडी माझी होती, बांगड्या माझ्या होत्या, पाट माझा होता. पण बोटं तुमची होती, आणि तिने दिलं. शालूतल्या मला तिने दिलं नव्हतं. क्रांती असती तर मी भांडले असते. तुमच्याशी कशावरून भांडू?

निपाणीचा फाटा आला. पुढचं हलल्यामुळे वाचता येणार नाही.

मालन


कसबा बावडा, त्याच संध्याकाळी. स्वयंपाकघरात, जुन्या कॅलेंडरच्या पानामागे, आलटून पालटून

मालन: तोंडाने बोलू नका. क्रांती बाहेरच्या ओट्यावर भाजी निवडतेय.

आकाराम: ती भाजी रोज इथेच निवडते. चहा टाकू?

मालन: दूध कुठलं?

आकाराम: पिशवीचं.

मालन: मग नको.

आकाराम: वाळलीस.

मालन: बांगड्या कशा बांधत होता ते दाखवा.

आकाराम: नाही.

मालन: भुरीला परत आणायची?

आकाराम: दिलेलं जनावर परत मागायचं नसतं. आणि माणूस भला आहे. सून तर तिच्या पाठीवरून हात काढत नव्हती.

मालन: त्यांना साडीचं सांगितलंत?

आकाराम: नाही.

मालन: का?

आकाराम: कसं सांगू? चार माणसं उभी होती.

मालन: मग ती तिथे देणार कशी?



मालन: फोन वाजतोय. जयसिंगपूर. स्पीकर नको, मी घेते. ते म्हणतील ते लिहिते.

म्हणतात, "पावणं, कसली म्हस दिलीसा वो? आल्यापास्नं लाथा घालतीया."

म्हणतात, "सूनबाई दोनदा पडली. रेडकू वरडून वरडून बसलंय. कास दगडागत झालीया."

म्हणतात, "रागानं न्हाय इचारत. जनावराचं हाल बघवंनात. एका हाताची हाय व्हय ही? आसंल तर सांगा, कुणाच्या हाताची?"

आकाराम: सांग, मालनच्या.

मालन: ते अजून खरं आहे का, मला माहीत नाही. मी सांगितलं, सकाळी दोघं येतो.


दुसऱ्या दिवशी सकाळी आकाराम आणि मालन पहिल्या एसटीने जयसिंगपूरला गेली. मालन हिरवी इरकल नेसली होती. गणपतरावांच्या अंगणात शेजारची माणसं जमली होती. मालन पाटावर बसली. भुरीने मान वळवून तिला बराच वेळ हुंगलं. लाथ मारली नाही, पण पान्हा सोडला नाही. मालन उठून आत गेली, सुनेची साडी नेसून बाहेर आली आणि इरकल आकारामच्या हातात दिली. तो तिथेच नेसला. कोणीतरी हसलं. मालनने त्या बाजूला बघितलं तेव्हा हसणं थांबलं. मग तिने आपल्या हातातल्या बांगड्या काढल्या, दोऱ्यात ओवल्या आणि त्याच्या मनगटाला स्वतः बांधल्या. तो पाटावर बसला आणि चरवी भरली. गणपतरावांच्या सुनेने ती आत नेली.